भाषांतराचे रूपक आणि पेशीतील भाषांतरकार : फ्रान्सिस क्रिक यांच्या प्रथिननिर्मितीविषयक निबंधाची चिकित्सा

प्रास्ताविक

जीवशास्त्राने आपल्या एका मूलभूत घटनेच्या वर्णनासाठी भाषाव्यवहारातील शब्द स्वीकारले आहेत. डीएनएवरून संदेशवाहक आरएनए तयार होणे हे ‘प्रतिलेखन’, त्या आरएनएवरून प्रथिन तयार होणे हे ‘भाषांतरण’ आणि या दोहोंचा मेळ घालणारा तो ‘जनुकीय संकेत’. हे शब्द इतके रूढ झाले आहेत की ती मुळात रूपके आहेत याचा अभ्यासकांनाही विसर पडतो. या शब्दांमागील विचारव्यूहाला निश्चित आकार दिला तो फ्रान्सिस क्रिक यांच्या ‘ऑन प्रोटीन सिंथेसिस’ (१९५८) या निबंधाने. प्रस्तुत लेखात या निबंधातील मांडणीची आणि पुढील काळात झालेल्या तिच्या सुलभीकरणाची चिकित्सा केली आहे.

मूळ मांडणीचे स्वरूप

हा निबंध म्हणजे सप्टेंबर १९५७ मध्ये लंडन येथे दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप होय. त्या वेळी संदेशवाहक आरएनएचा शोध लागलेला नव्हता आणि एकाही संकेतत्रिकाचा उलगडा झालेला नव्हता. अशा अपुऱ्या सामग्रीवर क्रिक यांनी दोन गृहीतके मांडली. न्यूक्लिइक आम्लातील घटकांचा क्रम प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम ठरवतो, हे पहिले. आणि माहिती एकदा प्रथिनात उतरली की ती तेथून परत बाहेर येऊ शकत नाही, हे दुसरे. यांपैकी दुसऱ्यास त्यांनी ‘सेंट्रल डॉग्मा’ असे नाव दिले.

या मांडणीचे खरे सामर्थ्य ‘माहिती’ या शब्दाच्या काटेकोर व्याख्येत आहे. क्रिक यांच्या लेखी माहिती म्हणजे केवळ क्रमाचे नेमके निर्धारण. तिला अर्थ नाही, हेतू नाही आणि तिच्यात आज्ञाही नाही. तिचे हे मर्यादितपणच तिला शास्त्रीय मूल्य प्राप्त करून देते.

‘डॉग्मा’ या शब्दाची निवड मात्र दुर्दैवी ठरली. ज्याविषयी शंका घेण्यास वाव नाही असे मत, हा त्या शब्दाचा रूढ अर्थ आपल्याला केवळ धूसरपणे जाणवत होता, अशी कबुली क्रिक यांनीच पुढे १९८८ सालच्या आत्मकथनात दिली. दरम्यान जेम्स वॉटसन यांच्या १९६५ सालच्या पाठ्यपुस्तकातून डीएनए ते आरएनए ते प्रथिन असे बाणांचे सुटसुटीत सूत्र प्रचलित झाले. १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी आरएनएवरून डीएनए घडवणारे विकर शोधले, तेव्हा सिद्धान्त कोसळल्याची चर्चा झाली. वस्तुतः कोसळले होते ते सूत्राचे सुलभ रूप. प्रथिनाकडून न्यूक्लिइक आम्लाकडे क्रमाची माहिती जात नाही, हे मूळ विधान अबाधितच राहिले.

भाषांतरकार कोण?

सुलभ सूत्राचा अधिक गंभीर दोष निराळा आहे. भाषांतर म्हटले की दोन्ही भाषा जाणणारा कोणी मध्यस्थ अपेक्षित असतो. बाणांच्या आकृतीत तो दिसत नाही. विद्यार्थी ते काम रायबोसोमकडे सोपवून मोकळा होतो. क्रिक यांनी मात्र १९५५ सालीच ‘अनुयोजक’ रेणूची कल्पना मांडली होती. हा अनुयोजक म्हणजे आज ओळखला जाणारा वाहक आरएनए. त्याच्या एका टोकाला संकेताशी जुळणारे त्रिक असते, तर दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल जोडलेले असते.

या संदर्भात फ्रिट्झ लिपमन, सेमूर बेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६२ सालचा प्रयोग निर्णायक आहे. त्यांनी वाहक आरएनएला आधीच जोडलेल्या सिस्टीनचे रासायनिक प्रक्रियेने ॲलनीनमध्ये रूपांतर केले. परिणामी सिस्टीनच्या जागी ॲलनीन गुंफले गेले. रायबोसोमच्या ठिकाणी जुळणी पाहिली जाते ती त्रिकांची, हे यावरून स्पष्ट झाले. योग्य अमिनो आम्ल योग्य वाहकाला जोडण्याचे काम त्याआधीच विशिष्ट विकरे करतात. पेशीतील खरे भाषांतरकार ती विकरे होत.

ही विकरे स्वतः प्रथिने आहेत आणि ती याच यंत्रणेत घडतात. म्हणजेच भाषांतरकार भाषांतरातूनच जन्मास येतो. सरळ रेषेतील बाणांनी ही वर्तुळाकार परस्परावलंबिता दाखवता येत नाही. एकटा डीएनए कोणतेही प्रथिन घडवू शकत नाही. त्याला आधीपासून तयार असलेली पेशीय यंत्रणा लागते.

‘संकेत’ या शब्दाचे औचित्य

इंग्रजीतील ‘कोड’ या शब्दाला गुप्तलिपीची छटा आहे. १९६१ साली मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मॅथाई यांनी पहिल्या त्रिकाचा उलगडा केला. पुढे हरगोविंद खुराना आदींच्या कार्याने सर्व ६४ त्रिके स्पष्ट झाली. त्यांतील ६१ अमिनो आम्लांची, तर ३ विरामाची. हा इतिहास गुप्तलिपी उकलल्यासारखा सांगितला जातो. परंतु येथे काही लपवणारा कोणी नव्हता. मराठीतील ‘संकेत’ हा शब्द या बाबतीत अधिक समर्पक आहे. न्यायदर्शनात शब्द व अर्थ यांचा संबंध संकेताने ठरतो. मीमांसकांच्या मते तो नित्य असतो. त्रिक आणि अमिनो आम्ल यांच्या संबंधाबाबतही असाच वाद झाला. काहींनी त्यामागे रासायनिक आकर्षण पाहिले, तर क्रिक यांनी १९६८ साली तो गोठून राहिलेला योगायोग असू शकतो, असे सुचवले. मानवी तंतुकणिकांत यूजीए हे विराम-त्रिक ट्रिप्टोफॅन दर्शवते, हे १९७९ साली आढळले. संकेत बदलू शकतो, हे यातून दिसून आले.

रूपकाचे सामाजिक परिणाम

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. सटवी बाळाच्या कपाळी लिहून जाते ते टळत नाही, ही लोकसमजूत महाराष्ट्रात परिचित आहे. ‘सारे जनुकांत लिहिलेले असते’ हे विधान त्याच समजुतीला विज्ञानाचा वेष चढवते. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागांत आढळणारा सिकलसेल आजार येथे उद्बोधक ठरतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. एका अक्षराचा हा फरक क्रिक यांच्या पहिल्या गृहीतकाची साक्षच आहे. तथापि हाच बदल दोन्ही पालकांकडून मिळालेल्या सर्व रुग्णांत आजाराची तीव्रता सारखी नसते. ज्यांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक टिकून राहते, त्यांना त्रास तुलनेने कमी होतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुख्यतः हेच प्रमाण वाढवून उपयोगी पडते. अक्षर तेच राहते, परिणाम बदलतो. ‘लिहिलेले टळत नाही’ असे मानणारे कुटुंब उपचाराकडे पाठ फिरवण्याचा धोका असतो.

समारोप

क्रिक यांचा निबंध आजही मननीय आहे, तो त्यातील संयमामुळे. क्रमापलीकडे त्यांनी ‘माहिती’वर कोणताही भार टाकला नाही; तो भार नंतरच्या सुलभीकरणाने टाकला. म्हणून भाषांतराचे रूपक त्याज्य नसले, तरी ते शिकवताना वाहक आरएनए आणि त्याला अमिनो आम्ल जोडणारी विकरे यांना आकृतीत ठळक स्थान देणे आवश्यक आहे. भाषांतरकार दिसू लागला की संहितेला विधिलिखित समजण्याची चूक टळू शकेल.