पाप कोणाचे? – ‘लाइफ, अबव्ह ऑल’ या चित्रपटाविषयी

बारा वर्षांची चांडा आपल्या मृत तान्ह्या बहिणीसाठी शवपेटी निवडते, या प्रसंगाने ‘लाइफ, अबव्ह ऑल’ या दक्षिण आफ्रिकेतील चित्रपटाचा आरंभ होतो. अ‍ॅलन स्ट्रॅटन यांच्या 2004 सालच्या कादंबरीवरून ऑलिव्हर श्मिट्झ यांनी तो 2010 साली काढला. धर्मग्रामात तो दाखवावा काय, अशी पृच्छा काही धर्मशिक्षकांनी केली. त्या निमित्ताने हे परीक्षण.

चित्रपटाचे सामर्थ्य त्यातील मौनात आहे. बालक गेले, आई खंगत चालली. शेजाऱ्यापाजाऱ्यांत कुजबुज आहे, परंतु रोगाचे नाव सहसा कोणी ओठांवर आणीत नाही. शेजारीण श्रीमती ताफा अब्रू झाकण्यासाठी झटते, कारण स्वतःच्या मुलाच्या मृत्यूविषयीचे सत्य तिनेही दडवलेले असते. आई गाव सोडते. चांडा तिला परत आणते. भीती सज्जनांनाही कशी निर्दय करते, हे दिग्दर्शकाने कोणालाही खलनायक न ठरवता दाखविले आहे.

तथापि लाजेवर खिळलेली ही दृष्टी मृत्यूच्या कारणाकडे पुरेशी वळत नाही. बाधित मातेचे मूल दगावणे अटळच, असा समज घेऊन प्रेक्षक उठण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. एचआयव्हीचा विषाणू गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून बालकाकडे जाऊ शकतो. उपचाराअभावी हे प्रमाण शेकडा 15 ते 45 असते. म्हणजे तेव्हाही निम्म्याहून अधिक बालके संसर्गातून वाचतात. वेळेवर तपासणी, मातेस नियमित औषधे व नवजात बालकास प्रतिबंधक औषध मिळाल्यास ते शेकडा 5 च्याही खाली येते. त्याच देशात नेव्हिरापिन हे औषध सरकारी रुग्णालयांतून सर्व बाधित गर्भवतींना मिळावे म्हणून ‘ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन’ला न्यायालयात जावे लागले, आणि 5 जुलै 2002 रोजी संविधान न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. ती छोटी शवपेटी या इतिहासाच्या प्रकाशात पाहिली पाहिजे.

अशा मातेपुढे आपल्याला निर्गम 20:5 चटकन आठवते. यहेज्केलचा अठरावा अध्याय आठवत नाही. जन्मांधाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, असे विचारले. प्रभूने तो प्रश्नच नाकारला आणि त्या माणसाला दृष्टी दिली. एका बालकाच्या दफनविधीत ‘देवाची इच्छा’ एवढेच बोलून मी थांबलो होतो. मातेची मान खालीच राहिली. माझे ते शब्द म्हणजेही मौनच होते, हे मला या चित्रपटाने कळले.

चित्रपट अवश्य दाखवावा. मात्र त्यानंतर एखाद्या परिचारिकेला बोलावयास सांगावे. आपल्याकडेही सरकारी रुग्णालयांत गर्भवतीची ही तपासणी विनामूल्य होते, हे विवाहपूर्व वर्गात स्पष्ट शब्दांत सांगावे. जे टाळता येते त्याला देवाची इच्छा म्हणणे, हे देवावर खोटा आळ घेणे होय.