टॉकच्या मागे पेपर नसतो तेव्हा

रिसर्चकडे वळणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी सिनियर एक व्हिडिओ हमखास पाठवतो. सायमन पेटन जोन्स यांचं ‘रिसर्च टॉक चांगला कसा द्यावा’ हे भाषण. हॅस्केल ही प्रोग्रामिंगची भाषा घडवणाऱ्यांपैकी ते एक, आणि केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये त्यांनी बरीच वर्षं काढली. भाषण मला आवडतं. पण कराड-सांगली पट्ट्यात लिनक्स युजर ग्रुपची सेशन्स ज्या पद्धतीची होतात, तिथे ते निम्मंच लागू पडतं असं माझं मत आहे. का, ते बघू.

आधी जे चोख लागू पडतं ते. त्यांचा हिशेब असा: २० टक्के वेळ ‘हा प्रश्न मुळात का घ्यायचा’ याला, ८० टक्के वेळ एकाच मुख्य कल्पनेला, आणि तिसरं काही नाही. अनुक्रमणिकेची स्लाईड नको, आधी कुणी काय केलं त्याची जंत्री नको. श्रोता नुकताच जेवून आलाय, त्याला झोप येतेय, आणि तुमचं नावही त्याने ऐकलेलं नाही असं धरून चाला. आता आपलं सेशन आठवा. स्वागत, पुष्पगुच्छ, वक्त्याचा परिचय, मग पीपीटी सुरू. विषय गिट असला तरी पहिल्या पाच स्लाईड ठरलेल्या: १९९१ साल, हेलसिंकी, लिनस टोरवाल्ड्स, पेंग्विन. समोरच्या एसवायच्या मुलाचा प्रश्न वेगळाच असतो: चौघांच्या प्रोजेक्टमध्ये ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशी फोल्डरं झालीत, यातून बाहेर कसं पडायचं? तिथून सुरुवात केली तर पेंग्विन लागतच नाही.

आता जिथे मला ते पटत नाही तिथे येतो. पेटन जोन्स म्हणतात, स्लाईड आदल्या रात्री करा, म्हणजे विषय डोक्यात ताजा राहतो. पेपरवरच्या टॉकला हे चालेल. जिथे पन्नास जण आपापल्या लॅपटॉपवर तुमच्याबरोबर कमांड मारणार आहेत, तिथे हा सल्ला घातक आहे.

एक छोटं उदाहरण घ्या आणि घरी करून बघा. ‘डब्ल्यूसी’ ही शब्द, ओळी मोजणारी साधी कमांड. तिला ‘कराड’ हा शब्द द्या. डोळ्याला अक्षरं तीन दिसतात: क, रा, ड. मायनस एम लावून कॅरेक्टर मोजली तर उत्तर ४ येतं, कारण काना युनिकोडमध्ये वेगळा धरला जातो. मायनस सी लावून बाइट मोजले तर १२, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. डेमोला झकास! पण शब्द ‘एको’ने दिला आणि त्याला मायनस एन लावायचं राहिलं, की ओळ संपल्याचं चिन्हही मोजलं जातं आणि ४ चे ५, १२ चे १३ होतात. शिवाय कुणाच्या मशीनवर लोकेल ‘सी’ असेल, तर मायनस एम लावूनही १२ च येतील. डॉकरच्या साध्या डेबियन कंटेनरमध्ये असंच होतं.

वक्त्याच्या लॅपटॉपवर ४ आणि मागच्या बाकावर १२. मागचा मुलगा काय समजणार? आपलंच काहीतरी चुकलं. तो हात वर करत नाही, गप्प बसतो. म्हणून तयारी म्हणजे नुसत्या स्लाईड नव्हेत. दुसऱ्याच्या, शक्यतो जुन्या आणि नव्याने इन्स्टॉल केलेल्या मशीनवर सगळ्या कमांड आठवडाभर आधी मारून बघायच्या. लॅबचं नेट बंद पडणार असं गृहीत धरून लागणारी पॅकेजेस पेनड्राइव्हवर ठेवायची. टर्मिनलचा फॉन्ट एवढा मोठा, की शेवटच्या बाकावरून हायफन आणि अंडरस्कोअर वेगळे दिसतील. (काळ्या पार्श्वभूमीवर करड्या अक्षरांची हौस घरीच भागवा. कॉलेजच्या प्रोजेक्टरवर ती दिसत नाहीत.)

दुसरी उणीव मला जास्त मोठी वाटते. पेटन जोन्स यांच्या मते टॉकचं काम श्रोत्याला तुमचा पेपर वाचायची ओढ लावणं. म्हणजे टॉक जाहिरातीसारखा, माल पेपरमध्ये. त्यामुळे टॉक संपल्यावर काय करायचं, हा प्रश्न त्यांना फारसा पडतच नाही. आपल्या सेशनच्या मागे पेपर नसतो. जे बोललं गेलं तेवढंच, आणि तेही हवेत विरतं. त्यात हे ग्रुप विद्यार्थी चालवतात. सांगलीच्या वालचंद कॉलेजमधला लिनक्स युजर्स ग्रुप घ्या किंवा दुसरा कुठलाही. बॅच पास झाली की माणसं पुण्याला, बंगळुरूला जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांना माहीत असलेलंही जातं. पुढच्या वर्षी तेच सेशन पुन्हा शून्यापासून, पुन्हा त्याच पाच स्लाईडसह.

मग सेशननंतर आपण काय करतो? ग्रुप फोटो आणि फीडबॅक फॉर्म. फॉर्म भरला तरच सर्टिफिकेट, त्यामुळे सगळे पाच स्टार देऊन मोकळे. अशा फॉर्मवरून काहीच कळत नाही, कारण वाईट म्हणायला कुणाला कारणच ठेवलेलं नाही. त्याऐवजी दोन दिवसांनी एकच प्रश्न विचारा: घरी करून बघितलं का, आणि कुठे अडलं? दहा उत्तरं आली तरी पुष्कळ. ‘अडलं नाही, पण केलंच नाही’ हेही उत्तरच आहे.

आणि एक साधी टेक्स्ट फाइल सोडून जा. तिच्यात मारलेल्या कमांड क्रमाने, डिस्ट्रो आणि व्हर्जन, प्रत्येक कमांडचं अपेक्षित उत्तर, आणि ज्या प्रश्नांना हॉलमध्ये उत्तर देता आलं नाही ते प्रश्न जसेच्या तसे. पीपीटीची पीडीएफ म्हणजे ही फाइल नव्हे. बुलेट पॉइंट बोलणाऱ्याला आठवण करून देतात, न आलेल्याला काही सांगत नाहीत.

हे सगळं तुमच्या कामाचं का? पीएचडीला लागलात की दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रेझेंटेशन असतं. तिथे बाहेरून आलेले सर जाता जाता एखादा प्रश्न विचारतात, आपण ‘हो सर, बघतो’ म्हणतो आणि चहाला जातो. पुढच्या वेळी त्यांना तो बरोबर आठवतो. समितीच्या मिनिट्समध्ये तो ‘सूचना देण्यात आल्या’ एवढाच उरलेला असतो. त्या दिवशी संध्याकाळी, नीट आठवतंय तोवर, तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. आपल्या शब्दांत उतरवला, की नकळत तो आपल्याला उत्तर येतं असा प्रश्न होऊन बसतो.