अनंत नाग : नट आणि मंत्री

नटाने राजकारणात जावे की जाऊ नये, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा कुचेष्टेच्या सुरात विचारला जातो, आणि उत्तरही त्याच सुरात मिळते. रंग फासून जन्म घालविलेल्या माणसास राज्यकारभारातले काय कळणार, असे एक पक्ष म्हणतो. आणि राजकारण तरी सोंगाहून वेगळे काय आहे, असे दुसरा पक्ष हसून विचारतो. दोन्ही उत्तरे आळशी आहेत. नट जेव्हा मतदारापुढे उभा राहतो तेव्हा तो स्वतःबरोबर नेमके काय घेऊन येतो, आणि परत जाताना काय घेऊन जातो, याची छाननी कोणी करीत नाही. ती छाननी एका व्यक्तीच्या निमित्ताने येथे करावी, असे आम्हांस वाटते. ती व्यक्ती म्हणजे कन्नड व हिंदी चित्रपटांतील नामवंत नट श्री. अनंत नाग होत.

हेच नाव निवडण्यास कारण आहे. ह्या मासिकाच्या पानांत मराठी आणि कोंकणी शेजारी नांदतात, आणि मासिक वाचले जाते ते कन्नड राज्यात. ह्या तिन्ही भाषांचे ऋण ज्याच्या अंगावर आहे असा दुसरा नट शोधूनही सापडणे कठीण. अनंत नागरकट्टी हे त्यांचे घरचे नाव. जन्म १९४८चा, घरची भाषा कोंकणी. बालपणीचे काही शिक्षण उत्तर कानड्यात, शिरालीच्या चित्रापूर मठाच्या आश्रयाने झाले. पुढे मुंबई, आणि मुंबईत कोंकणी, मराठी, कन्नड व हिंदी अशा चारही भाषांची रंगभूमी. सत्यदेव दुबे, गिरीश कार्नाड, अमोल पालेकर यांच्या सहवासात हा तरुण घडला. मठातील शिस्त आणि मुंबईच्या प्रायोगिक रंगमंचावरील मोकळीक यांचा असा संगम क्वचितच घडतो. वाणीचा संयम पहिल्याने दिला असेल, तर स्वतःच्या भूमिकेकडे परक्या नजरेने पाहण्याची ताकद दुसऱ्याने दिली असली पाहिजे.

ही ताकद प्रथम दिसली ती १९७४ सालच्या श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'मध्ये. जमीनदाराचा शहरात शिकलेला मुलगा सूर्या ही त्यांची भूमिका. हा सूर्या दुष्ट नाही, आणि भूमिकेचे सारे मर्म त्या 'नाही'त आहे. तो जातपात मानीत नाही, मोलकरणीच्या हातचा चहा घेतो, तिच्यावर जीवही लावतो. आणि आपल्या अब्रूवर येताच तिच्या मुक्या नवऱ्यास चाबकाने फोडून काढतो. दुसऱ्या कोणा नटाने ह्या चाबकामागे क्रौर्य दाखविले असते. अनंत नागांनी भीती दाखविली. सत्ता ही बहुधा क्रूर नसून भ्याड असते, हे सत्य एका नवख्या नटाने पहिल्याच हिंदी चित्रपटात इतक्या नेमकेपणाने सांगावे, याचे आम्हांस आजही आश्चर्य वाटते. पुढे 'निशांत', 'मंथन' झाले. आणि हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेल्या 'भूमिका'मध्ये (१९७७) त्यांनी चित्रपटातला नायकच रंगविला.

कन्नड पडद्यावर त्यांनी प्रेमकथा केल्या, विनोदी चित्रपट केले, आणि घराघरात ते लोकप्रिय झाले. पण ज्यांवरून त्यांच्या राजकारणाची पारख करावी असे चित्रपट तीन. पहिला एम. एस. सथ्यू यांचा 'बर' (१९८२), यू. आर. अनंतमूर्तींच्या कथेवरचा. जिल्ह्यात दुष्काळ पडला आहे, पण तो 'दुष्काळ' म्हणून जाहीर होणे हे पावसावर नव्हे तर राजधानीतील हिशेबांवर अवलंबून आहे. आणि प्रामाणिक जिल्हाधिकारी ह्या दोहोंमध्ये भरडला जातो. दुसरा 'ॲक्सिडेंट' (१९८५), धाकटे बंधू शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेला. पदपथावर झोपलेली गरीब माणसे एका धनाढ्याच्या मुलाच्या मोटारीखाली चिरडली जातात, आणि मुलाचा राजकारणी बाप, धर्माधिकारी, कायद्याची चाके हळूहळू उलटी फिरवितो. हा बाप अनंत नागांनी केला. तिसरा 'उद्भव' (१९९०), बी. व्ही. वैकुंठराजूंच्या कादंबरीवरून कोड्लू रामकृष्ण यांनी केलेला.

ह्या तिसऱ्या चित्रपटाविषयी आमच्या वाचकांशी थोडे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. शहरातील रस्ता रुंद व्हावयाचा आहे. त्यात ज्यांचे हितसंबंध गुंतले आहेत त्यांच्यासाठी एक चतुर मध्यस्थ युक्ती काढतो, आणि जमिनीतून गणपतीची मूर्ती 'उद्भवते'. मग भाविकांची गर्दी, पूजाअर्चा, आणि योजनेला वळण. चित्रपट देवाची थट्टा करतो, असा आक्षेप एखादा श्रद्धावान वाचक घेईल. आमचे मत नेमके उलट आहे. देवालयाशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे, ज्यांच्या घरात पालखीचे मान आणि पूजेच्या पाळ्या चालत आल्या आहेत, त्यांनी ह्या चित्रपटाचे सर्वांआधी स्वागत करावयास हवे. कारण ज्या हाताने मूर्ती रात्री पुरली जाते त्या हाताचा देवाशी संबंध नसतो. संबंध असतो तो सात-बाराच्या उताऱ्याशी. भक्ताच्या नमस्काराला दुसऱ्याच्या व्यवहारातील तारण करणे, याहून मोठी देवाची विटंबना कोणती? अनंत नागांनी हा मध्यस्थ इतक्या लाघवाने रंगविला आहे की प्रेक्षक त्याच्यावर रागावण्याऐवजी खूष होतो. आणि घरी गेल्यावर आपण कशावर खूष झालो, याची त्याला लाज वाटते. विनोदी अभिनयाची याहून कठीण कसोटी नाही.

आता राजकारण. अनंत नाग तिकडे वळले तो काळ नटांच्या भाग्योदयाचा होता. एन. टी. रामाराव यांनी २९ मार्च १९८२ रोजी तेलुगू देसम पक्ष स्थापन केला, आणि जानेवारी १९८३मध्ये ते आंध्रचे मुख्यमंत्री झाले. त्याच महिन्यात कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांचे जनता सरकार आले. त्या बदलापूर्वीच्या वर्षी गोकाक अहवालावरून कन्नडचे मोठे आंदोलन झाले होते, आणि त्याच्या अग्रभागी नट राजकुमार होते. राजकुमारांनी पुढे निवडणूक कधीच लढविली नाही. नाग बंधू मात्र जनता पक्षाच्या बाजूस उभे राहिले. शंकर नाग १९९० साली अपघातात अकाली गेले. अनंत नाग विधान परिषदेवर गेले, १९९४ साली जनता दलातर्फे बंगळुरातील मल्लेश्वरमहून विधानसभेवर निवडून आले, आणि जे. एच. पटेल यांच्या मंत्रिमंडळात बंगळूर नगरविकासाचे मंत्री झाले. ज्याने पडद्यावर रस्तारुंदीचा घोळ घातला त्याच्याच टेबलावर त्या महानगराच्या विकासाच्या फायली याव्यात, हा योगायोग एखाद्या नाटककाराने लिहिला असता तर आम्ही त्यास कृत्रिम म्हटले असते. पुढे २००४ साली चामराजपेठेत त्यांनी मावळते मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांच्याविरुद्ध उभे राहून पराभव पत्करला.

रामाराव यांच्याशी तुलना केली म्हणजे फरक उघडा पडतो. रामारावांनी पडद्यावर राम आणि कृष्ण उभे केले होते. मतदारापुढे ते आले तेव्हा ती पुण्याई आपोआप त्यांच्यामागून चालत आली. १९९१ साली दूरदर्शनवरील सीता बडोद्याहून आणि रावण साबरकांठ्याहून लोकसभेत गेले. १९९६ साली आपले नीतीश भारद्वाज, ज्यांना सारा देश श्रीकृष्ण म्हणून ओळखत होता, जमशेदपूरहून निवडून आले. आमच्या व्यवसायास येथे एक कुतूहल वाटते. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) धर्माच्या, जातीच्या, भाषेच्या नावाने मत मागणे आणि धार्मिक चिन्हांचा वापर करणे यास भ्रष्ट आचार ठरविते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने, मतदाराच्या धर्माचे आवाहनही त्यात मोडते, असा निर्णय दिला. पण उमेदवाराचा चेहराच देवाची मूर्ती होऊन बसला असेल, तर त्यास घरी ठेवून ये, असे कोणता कायदा सांगणार? ही मर्यादा शेवटी नटाने आणि मतदाराने स्वतःच ओळखावयाची आहे.

अनंत नागांजवळ ही पुण्याई नव्हती. त्यांची शिदोरी म्हणजे भ्याड जमीनदार, हतबल अधिकारी, मुलाला वाचविणारा बाप आणि मूर्ती पुरणारा मध्यस्थ. ही माणसे मते मिळवून देत नाहीत. म्हणूनच त्यांचा विजय हा एका विवेकी माणसाचा मर्यादित विजय राहिला, आणि पराभव हाही देवाचा पराभव ठरला नाही; केवळ एका उमेदवाराचा ठरला. लोकशाहीत हेच योग्य होय. मतदाराने ज्याला पाडता येत नाही त्याला निवडणेही खरे नव्हे.

मराठी रसिकास येथे 'सामना' आणि 'सिंहासन' आठवतील. सत्तेची इतकी तीक्ष्ण चिकित्सा करणारे चित्रपट मराठीने दिले. पण 'सामना'तला हिंदुराव साकारणारे निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात आणि चळवळीत राहिले, सत्तास्थानी गेले नाहीत. अनंत नाग मात्र आत गेले. म्हणून त्यांच्याकडून आमची अपेक्षा मोठी होती, आणि आमची तक्रारही तेथेच आहे. विधिमंडळाच्या बाकावर बसून जे दिसले त्याचा ठसा त्यांच्या नंतरच्या भूमिकांत आम्हांस आढळत नाही. 'गोधी बण्ण साधारण मैकट्टू'मधील (२०१६) स्मृती हरवलेला वृद्ध पिता ही करुणरम्य आणि थोर भूमिका आहे, यात वाद नाही. परंतु 'केजीएफ'च्या पहिल्या भागात (२०१८) तेच नट कायद्याबाहेरच्या एका पराक्रमी पुरुषाची दंतकथा भारावल्या स्वरात सांगू लागतात, तेव्हा 'ॲक्सिडेंट'मधले पदपथावरचे मुडदे आम्हांस आठवतात. ज्या नटाने कायदा वाकविणाऱ्याला उघडे पाडले, त्याचा आवाज कायदा झुगारणाऱ्याचे पोवाडे गाण्यास का मिळावा? धंद्याची गरज हे उत्तर आम्ही समजू शकतो. समाधान मात्र त्याने होत नाही. मंत्रिपद भोगलेल्या नटाने 'उद्भव'च्या तोडीचा एक तरी चित्रपट त्यानंतर द्यावयास हवा होता.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि तो बेळगाव-निपाणीकडच्या वाचकास टाळता येणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून येथे भाषा हीच निवडणूक आहे. महाजन आयोग झाला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, २०१२ साली बेळगावात सुवर्ण विधानसौध उभे राहिले. भाषेच्या रक्षणासाठी चळवळ करणे हा भ्रष्ट आचार नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जगदेवसिंह सिद्धांती खटल्यात १९६४ सालीच दिला आहे. आपल्या भाषेचा हक्क मागण्यात लाज बाळगण्याचे कारण नाही, आणि तो हक्क आम्ही सोडावा असेही कोणी सुचवू नये. परंतु हक्क मागणे वेगळे आणि माणसास त्याच्या भाषेवरून मोजणे वेगळे. अनंत नागांना आपले म्हणताना आमच्यापैकी काहींची जीभ अडखळते, कारण कीर्ती त्यांना कन्नडने दिली. कोंकणी घराने त्यांना वाढविले, मराठी रंगमंचाने त्यांना उभे राहावयास शिकविले, आणि कन्नडने त्यांना घर दिले. ह्यांतील एकही ऋण दुसऱ्यास खोडून काढीत नाही. २०२५ साली पद्मभूषण जाहीर झाले, तेव्हा ते कर्नाटकाच्या नावावर नोंदले गेले, हे योग्यच झाले. पण शिरालीच्या मठात आणि मुंबईच्या नाट्यगृहांत त्याचा वाटा पोचलाच नाही, असे कोण म्हणेल?

आज त्यांचे नाव निघाले म्हणजे कोणी प्रथम मंत्रिपदाची आठवण काढीत नाही, चित्रपटांचीच काढतात. यात राजकारणाचा अपमान नाही, नटाचाही नाही. पद हे मुदतीचे असते आणि भूमिका बेमुदत, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या सीमाभागात पुढची निवडणूक येईल, नवे चेहरे येतील, काही रंगलेले असतील. त्यांपैकी कोणी भाषेच्या किंवा देवाच्या नावाने जमिनीतून अचानक 'उद्भवला', तर त्याच्या पायांवर डोके ठेवण्यापूर्वी माती ताजी उकरलेली आहे काय, एवढे आम्ही सर्वांनी वाकून पाहावे. ही सवय एका नटाने आम्हांस लावली, आणि त्याच्या साऱ्या मंत्रिपदाहून तीच अधिक मोलाची आहे.