‘इसवी सनपूर्व’ : संज्ञेचा अर्थ आणि वापर

प्रास्ताविक

इतिहास, पुरातत्त्व, तत्त्वज्ञान अशा अनेक विषयांच्या अध्यापनात ‘इ. स. पू.’ ही अक्षरे आपण इतक्या सवयीने लिहितो की, त्यांचा अर्थ तपासण्याची गरज भासत नाही. या संज्ञेविषयी जी चर्चा होते, ती बहुधा तिच्या धार्मिक संदर्भापुरती मर्यादित राहते. या संज्ञेचा खरा प्रश्न नावाचा नसून वापराचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

संज्ञेचा अर्थ

रोममधील डायोनिसियस एक्झिगस या मठवासी ख्रिस्ती साधूने इ. स. ५२५ मध्ये ईस्टरचे तक्ते तयार करताना ख्रिस्ताच्या अवतारापासून वर्षे मोजली. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या डायोक्लेशन बादशहाच्या नावाची गणना त्याला नको होती. अवतारापूर्वीची वर्षे उलट मोजण्याची पद्धत मात्र युरोपात सतराव्या शतकापासून रूढ झाली. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार येशूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला. आणि हेरोदाचा मृत्यू बहुसंख्य अभ्यासक इ. स. पू. ४ मध्ये मानतात. म्हणजे ख्रिस्ताचा जन्मच ‘ख्रिस्तपूर्व’ ठरतो! तेव्हा या गणनेचा आरंभबिंदू हा केवळ संकेत होय.

मराठीतील ‘सन’ हा शब्द अरबीतून आला आणि ‘इसवी’ हा ‘ईसा’ या येशूच्या अरबी नावावरून. ‘ख्रिस्तपूर्व’ टाळून ‘इसवी सनपूर्व’ लिहिल्याने धार्मिक संदर्भ दूर होतो, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

वापरातील दोष

पहिला दोष गणिताचा. इ. स. पू. १ नंतर लगेच इ. स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या वर्षांची बेरीज करून त्यातून एक वजा करावा लागतो. महावीरांचे निर्वाण परंपरेने इ. स. पू. ५२७ मानतात. १९७४ मध्ये २५०० वर्षे पूर्ण झाली, ती या हिशेबाने. बुद्धाचे महापरिनिर्वाण थेरवादी परंपरा इ. स. पू. ५४४ मानते. भारत व श्रीलंकेत २५००वी बुद्धजयंती १९५६ मध्ये साजरी झाली, तर थायलंडमध्ये २५०० हे बुद्धवर्ष १९५७ मध्ये आले. एके ठिकाणी चालू वर्ष मोजले, दुसरीकडे गत वर्ष. ‘गत’ आणि ‘वर्तमान’ हा भेद आपल्या पंचांगपरंपरेला परिचित आहे. आपण तो वर्गात सांगत नाही, इतकेच.

दुसरा दोष शतकांचा. इ. स. पू. तिसरे शतक ३०० पासून २०१ पर्यंत उतरत येते. त्याचा पूर्वार्ध ३०० ते २५१ हा होय. विद्यार्थी नेमके उलट लिहितात.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. ‘ख्रिस्तपूर्व भारत’ असा शब्दप्रयोग करताना आपण एका गणनाबिंदूला कालखंडाची सीमा बनवतो. रोमन साम्राज्याच्या धर्मेतिहासात अशा विभाजनाला काही अर्थ आहे. दख्खनमध्ये मात्र सातवाहनांची राजवट या बिंदूच्या दोन्ही बाजूंस पसरलेली आहे. तेथे त्या सुमारास काहीही खंडित झाले नाही. अशोकाच्या तेराव्या शिलालेखातील कलिंगविजय राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी झालेला आहे. त्याच लेखात समकालीन ग्रीक राजांची नावे असल्यामुळे आपण त्याला इ. स. पू. तिसऱ्या शतकात बसवू शकतो. हा आकडा लेखातला नाही, तो अनुमानाने मिळालेला आहे.

पर्यायी संज्ञा

‘सामान्य युगपूर्व’ ही संज्ञा धर्मनिरपेक्ष म्हणून सुचवली जाते. तिच्यामागील भूमिका आदरणीय आहे. परंतु आरंभबिंदू तोच, शून्याचा अभाव तोच. नाव बदलल्याने वरीलपैकी एकही दोष दूर होत नाही.

निष्कर्ष

संज्ञा कोणतीही स्वीकारावी. मात्र एका लेखनात एकच वापरावी. ती वर्षाला लावावी, संस्कृतीला लावू नये. आणि मूळ साधनातील गणना प्रथम सांगून मगच तिचे रूपांतर द्यावे. असे केले तर अशोकाचा काळ कसा ठरला, हे विद्यार्थ्याला कळेल. अन्यथा त्याच्या हाती केवळ पाठ करण्याजोगा आकडा उरेल.