खांब, झाड आणि बंदिखाना

ज्याच्या अंगात देव येतो त्या माणसाला आपल्याकडे ‘झाड’ म्हणतात. अंगात येते ते ‘वारे’. वारे आले की झाड घुमते, ओसरले की निमूट होते. या दोन साध्या शब्दांत एक पूर्ण कल्पना दडली आहे. वाऱ्याला स्वतःचा आवाज नसतो, आपण ऐकतो ती पानांची सळसळ. पण ती ऐकून आपण म्हणतो, वारा बोलतो आहे. झाडाचे नाव कोणी घेत नाही.

माणसाच्या देहात अफाट शक्ती वस्तीला येते, ही कल्पना आज तरुण वाचकाला देवळात भेटण्याआधी चित्रकथेत भेटते. मासाशी किशिमोतो यांची ‘नारुतो’ ही जपानी चित्रकथा 1999 ते 2014 या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे 72 खंड आहेत. गावावर चालून आलेला नऊ शेपटांचा महाकाय कोल्हा गावप्रमुख एका तान्ह्या मुलाच्या पोटात कोंडतो. तो मुलगा त्याचा स्वतःचाच. मुलाला कोणी विचारलेले नसते, विचारण्याचे त्याचे वयही नसते. गाव वाचते, आणि वाचलेले गाव त्याच मुलाला टाळू लागते. अशा माणसासाठी किशिमोतो यांनी ‘जिंचुरिकी’ हा शब्द घडवला. त्याच्या मुळाशी ‘मानवी खांब’ आहे. पूल किंवा किल्ला टिकावा म्हणून जिवंत माणूस पायात पुरल्याच्या जपानी दंतकथांतला हा खांब. तळ्याला पाणी लागावे म्हणून धाकट्या सुनेचा बळी दिल्याची गाणी आपल्याकडेही आहेत, त्यामुळे हा खांब आपल्याला परका नाही.

खांब आणि झाड या दोन प्रतिमा शेजारी ठेवल्या की प्रश्न नेमका होतो. शक्ती कोणाच्या अंगात आली, हा मुद्दा दुय्यम आहे. ती कोणी आणली, तिचा उपयोग कोणाला झाला आणि ती आल्यावर यजमानाच्या तोंडी कोणाची भाषा उरली, हे तीन प्रश्न खरे.

खांबाचे उत्तर उघड आहे: निर्णय गावाचा, उपयोग गावाचा, यजमान मुका. मराठी साहित्यात याचे जवळचे रूप राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ या कादंबरीत सापडते. केसांत जट येते, जट म्हणजे देवीचे बोलावणे असे भोवतालचे लोक ठरवतात, आणि मुलीचे आयुष्य देवीच्या नावाने खर्ची पडते. ‘जोगवा’ (2009) या चित्रपटाला या कादंबरीचा आधार आहे. मुलीच्या देहावरची खूण वाचण्याचा अधिकार मुलीखेरीज सर्वांना असतो, हे कादंबरीचे मर्म आहे.

झाडाचे उत्तर अधिक गुंतागुंतीचे आहे. नवरात्रात एखाद्या घरी गोंधळ घातला जातो. गोंधळी संबळावर गावोगावच्या देवांना नावानिशी बोलावतो, आणि बसलेल्यांपैकी एखादी बाई घुमू लागते. एरवी सासऱ्यासमोर पदर न ढळू देणारी ती आता त्याला एकेरीत विचारते, सासरा हात जोडून ‘माय, काय चुकलं?’ म्हणतो. या घटकेत बाईला मिळणारी जागा खरी असते, तिला निव्वळ ढोंग म्हणून निकालात काढता येत नाही. पण तिने सुनावलेले सगळे देवीच्या खाती जमा होते. दुसऱ्या दिवशी देवीला साडीचोळी चढते आणि बाई चुलीपुढे बसते. हीच घटका धंदा झाली की काय होते, तेही आपण पाहिले आहे. अंगात शक्ती संचारल्याचा आभास निर्माण करून लोकांना भीती घालणे आणि नाडणे महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे.

या पार्श्वभूमीवर परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई पुन्हा वाचावी. गोदाकाठचे हे तिचे जन्मगाव. परंपरा सांगते की लहानपणीच ती पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला राहिली. तिच्या नावावरचे अभंग नामदेवांच्या गाथेसोबत छापले जात आले. त्यांतले सगळे तिचेच, असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्या अभंगांतून उभी राहणारी ‘जनी’ ही एक सलग व्यक्तिरेखा आहे, आणि आपल्या प्रश्नासाठी तेवढे पुरेसे आहे.

जनीकडेही देव येतो, पण अंगात येत नाही, कामाला येतो. दळतो, पाणी भरतो, गोवऱ्या वेचतो, तिची वेणी घालतो. देव आला म्हणून जनीचे भान सुटत नाही. उलट कोण काय करते आहे, ते ती बारकाईने सांगते. एका प्रसिद्ध अभंगात मात्र देव खरोखर आत जातो. पंढरीच्या चोराला गळ्यात दोर बांधून ती पकडते, हृदयाचा बंदिखाना करते, शब्दांच्या बेड्या घालते, आणि काकुळतीला आलेल्या विठ्ठलाला जिवंत असेपर्यंत सोडणार नाही असे बजावते. नारुतोच्या पोटातही कैदखाना आहे, पण तो बापाने बांधलेला. जनीचा तिने स्वतः बांधलेला आहे, आणि बेड्या तिच्याच भाषेच्या आहेत. शेवटी नाममुद्रेत तिचे नाव येते. झाडाला जे कधी मिळत नाही, ते जनीला मिळते: आपल्या शब्दांची मालकी.

आणखी एक फरक आहे. झाडाला लोक कौल लावतात, कोल्ह्याचा गावाला शस्त्र म्हणून उपयोग असतो. जनीच्या कैदेतला विठ्ठल मात्र दुसऱ्या कोणाच्या कामाचा नाही. तिच्याकडे कोणी हरवलेली गाय विचारायला येत नाही. शक्तीचा बाजार भरत नाही, म्हणूनच ते नाते टिकते. किशिमोतो यांची कथाही उशिरा इथपर्यंत पोचते. मुलगा कोल्ह्याला त्याचे नाव विचारतो, मग कोल्हा आपणहून बळ देतो.

शेवट मात्र दोघांचा वेगळा आहे. नारुतो गावाचा प्रमुख होतो. जनीच्या नाममुद्रेत ‘दासी’ तशीच राहते. देव जात्याला हात लावतो, पण जाते ज्यांच्या घरचे आहे त्यांना कोणी जाब विचारत नाही. जनीला क्रांतिकारक ठरवण्याच्या घाईत आपण हे विसरतो. तिने व्यवस्था मोडली नाही, व्यवस्थेच्या आत एक खोली स्वतःच्या कुलपाची केली. खेड्यापाड्यांतल्या बायकांनी जात्यावरच्या ओव्यांत पिढ्यानुपिढ्या जनीला बोलावले, ते याच खोलीसाठी. ओवी म्हणताना त्या घुमत नव्हत्या. शुद्धीवर राहून, आपल्या आवाजात, दळत होत्या.

म्हणून अंगात येणाऱ्या बाईकडे पाहताना श्रद्धा की अंधश्रद्धा एवढ्यावर थांबू नये. वारे नसताना तिचे कोण ऐकते, हे विचारावे. घरात त्याचे उत्तर ‘कोणीच नाही’ असेल, तर झाड घुमतच राहणार.