'इंधन' : निमित्त आणि द्वेष

हिंसेच्या घटनेचे पहिले कथन बहुधा निमित्ताचे असते. वाटेवरून, पाण्यावरून, वाजंत्रीवरून बोलाचाली झाली, हातघाई झाली आणि प्रकरण हाताबाहेर गेले, अशी त्याची ठरलेली मांडणी. दुसरे कथन उशिरा येते आणि ते द्वेषाचे असते : मारणाऱ्याने माणूस पाहिला नाही, त्याचा धर्म पाहिला. या दोहोंपैकी एकच खरे असू शकते, असे गृहीत धरण्याची प्रथा पोलिसी टिपणांत आणि वृत्तपत्रांत रूढ आहे; साहित्यसमीक्षाही तिच्यापासून सर्वस्वी मुक्त नाही. हमीद दलवाई यांची 'इंधन' (१९६५) ही कादंबरी या गृहीतकालाच हात घालते. तिच्याविषयी बोलताना 'कोकणी मुसलमानांच्या जीवनाचे चित्रण' हे वर्णन वारंवार केले जाते. ते चूक नाही. मात्र त्या वर्णनामागे कादंबरीचा मुख्य वाङ्मयीन विशेष झाकला जातो.

चिपळूणजवळच्या मिरजोळी गावी १९३२ साली जन्मलेल्या दलवाईंनी या कादंबरीसाठी परिचयाचाच प्रदेश निवडला. हृदयविकाराच्या आजारानंतर विश्रांतीसाठी मुंबईहून दीर्घ काळाने गावी परतलेला एक अश्रद्ध मुसलमान तिचा निवेदक आहे. गावात मुसलमान आहेत, ब्राह्मण आहेत, कुळवाडी आहेत, महारवाडा आहे. या वस्त्यांमधले जुने संबंध समतेचे कधीच नव्हते. ते उतरंडीचे, पण परस्परांना ठाऊक असलेले संबंध होते. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १९५६ चे धर्मांतर यांनी कोकणातील ही उतरंड मुळापासून हलवली. कालपर्यंत वाकून बोलणारा ताठ उभा राहू लागला, हे ज्यांना सोसले नाही त्यांत खोत मुसलमानही होते आणि सवर्ण हिंदूही. 'इंधन'मधील दंगलीमागे ही उलथापालथ आहे.

कादंबरीच्या संरचनेकडे पाहता एक गोष्ट लक्षात येते. तिच्यात दंगल ही बाहेरून येऊन गावावर कोसळणारी आपत्ती नाही. जमिनीचा व्यवहार, वस्तीच्या सीमा ओलांडणारे स्त्रीपुरुषसंबंध, घराण्याचा मान, एखाद्याचा जुना अपमान, असे सुटे तपशील निवेदकाच्या नजरेपुढून जात राहतात. प्रत्येक तपशील खासगी आहे आणि एकेकट्याने पाहिला तर विझवताही येण्याजोगा आहे. परंतु गावाला या खासगी कलहांविषयी बोलण्यासाठी हळूहळू एकच भाषा उरते. अमक्याने तमक्याचा अपमान केला, हे वाक्य 'त्यांनी आपला अपमान केला' असे उच्चारले जाऊ लागते. विशेषनामांची जागा सर्वनामे घेतात. कलह तोच राहतो. त्याचे व्याकरण बदलते. शीर्षकातील प्रतिमेचा अर्थ येथे उलगडतो. ठिणगीची चौकशी सगळेच करतात. दलवाईंना सरपण कोणी आणि किती दिवस रचले याची चौकशी करावयाची आहे.

ही चौकशी कोकणातल्या एका खेड्यापुरती उरत नाही, हे पाहण्यासाठी एक दूरचे उदाहरण घेता येईल. १० फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, चॅपल हिल या विद्यापीठाच्या गावी, एका इसमाने तीन तरुण मुस्लिम शेजाऱ्यांना त्यांच्या घरात गोळ्या घातल्या. पोलिसांचे पहिले निवेदन गाडी उभी करण्याच्या जागेवरून झालेल्या वादाचे होते. मृतांच्या आप्तांचे म्हणणे द्वेषाचे होते. पुढे चार वर्षे चर्चा याच दोन टोकांमध्ये हेलकावत राहिली. हा इसम शेजारीपाजाऱ्यांत भांडखोर म्हणूनच प्रसिद्ध होता, हेही नमूद झाले आणि ते द्वेषाच्या आरोपावरचे उत्तर म्हणून पुढे करण्यात आले. २०१९ साली त्याने गुन्हा कबूल केला, त्याला जन्मठेप झाली आणि पोलीसप्रमुखांनी पहिल्या निवेदनाविषयी खेद व्यक्त केला. 'इंधन' वाचलेल्या वाचकाला मात्र 'गाडीची जागा की धर्म?' हा प्रश्नच सदोष वाटेल. भांडण अनेकांशी होते. गोळ्या तिघांच्याच वाट्याला आल्या. गाडीचा वाद खरा असेल, तरी तो वाद कोणाच्या बाबतीत बंदुकीपर्यंत जाऊ शकतो हे आधीच कोठेतरी ठरलेले असते. निमित्त खरे असणे हा द्वेष नसल्याचा पुरावा होत नाही. द्वेषाला हात घालण्यासाठी निमित्तच लागते.

महाराष्ट्राला हे परके नाही. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूरहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत, पालघरजवळ, रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने सरकारी बंदुकीतून आधी आपल्या वरिष्ठाला आणि नंतर वेगवेगळ्या डब्यांतील तीन मुस्लिम प्रवाशांना ठार केले, असा त्याच्यावर आरोप आहे. बरे वाटत नसल्याने कामावरून लवकर मोकळीक मिळावी, ही मागणी नाकारली गेल्याचे निमित्त सहकाऱ्याच्या जबाबातून पुढे आले. जवानाच्या तापट स्वभावाची आणि मानसिक स्थितीचीही चर्चा झाली. पण रजेचा राग वरिष्ठापाशी संपावयास हवा होता. पुढचे तीन डबे त्याने का ओलांडले, याचे उत्तर निमित्ताच्या कथनात सापडत नाही. 'माथेफिरू' हा शब्द अशा वेळी विश्लेषणाचे काम करीत नाही, विश्लेषण थांबवण्याचे काम करतो.

शस्त्राचाही विचार येथे करावा लागतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींविषयी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने जो अहवाल दिला, त्यात ९०० मृतांची नोंद आहे. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. मृत्यूच्या कारणांत पोलीस गोळीबार ३५६, भोसकणे ३४७, जाळपोळ ९१ आणि खासगी गोळीबार २२ असे आकडे येतात. अमेरिकेत बंदूक घराघरांत असते, म्हणून तेथे एकटा माणूस दंगलीइतका संहार करू शकतो. येथे बंदूक प्रायः गणवेशाबरोबर येते. इतरांना जमाव जमवावा लागतो, आणि जमाव जमवण्यासाठी अफवा, पत्रके, जुन्या जखमांची उजळणी असा कथनाचा सारा व्यवहार करावा लागतो. शस्त्राने मृतांची संख्या ठरते. मृत कोण असणार, हे कथनाने ठरते. कादंबरी हा मुळात कथनाचाच व्यवहार असल्याने या दुसऱ्या गोष्टीचा शोध घेण्याची तिची पात्रता विशेष आहे.

दलवाईंच्या स्वीकृतीचा इतिहासही याच दृष्टीने तपासण्याजोगा आहे. मुस्लिम जमातवादाची कठोर चिकित्सा करणारे त्यांचे वैचारिक लेखन सोयीपुरते उचलून मुसलमानांविरुद्ध वापरणारा एक वर्ग कायम राहिला. दुसऱ्या बाजूस, २०१३ साली चिपळूणला ८६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा मिरजोळीच्या त्यांच्या घरापासून ग्रंथदिंडी काढण्याच्या बेतालाही विरोध झाला. एक पक्ष त्यांना हत्यार समजतो, दुसरा घाव. 'इंधन' मात्र कोणालाच हत्यार म्हणून उपयोगी पडत नाही, कारण तिच्यात सरपण रचणारे हात सर्व वस्त्यांमधले आहेत. निवेदकाची अश्रद्धाही त्याला गणतीतून सोडवीत नाही. गाव ज्या क्षणी दोन गटांत मोजले जाते, त्या क्षणी त्याने काय मानले याला किंमत राहत नाही. तो कोणाचा, एवढेच पाहिले जाते.

या कादंबरीला मर्यादा आहेत. पुरुष निवेदकाच्या एकाच दृष्टिबिंदूमुळे तिच्यातील स्त्रिया बव्हंशी कलहाचे निमित्त म्हणून येतात; त्याच घटना त्यांच्या बाजूने कशा दिसल्या असत्या, हे कळत नाही. ज्या कृतीने 'निमित्त' या कल्पनेचीच चिकित्सा केली, तिने स्त्रीला मात्र निमित्तच ठेवावे, ही विसंगती गंभीर आहे. तसेच एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या गावाची ही कादंबरी आहे. धावत्या गाडीत, कधी न पाहिलेल्या माणसाची केवळ दाढी पाहून निवड करणाऱ्या द्वेषासाठी तिची चौकट पुरी पडेलच असे नाही. तेथे सरपण जवळच्या कलहांचे नसते; दूर कोठेतरी तयार होऊन ते घरोघर पोचवलेले असते. त्या द्वेषाची कादंबरी मराठीत लिहिली जाणे आवश्यक आहे.

तोवर 'इंधन'ने दिलेली वाचनपद्धती उपयोगी ठरावी. हिंसेच्या वृत्तान्तात निमित्त सांगितले गेले की ते नाकारण्याचे कारण नाही. ते खरे मानूनच पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. हेच भांडण दुसऱ्या कोणाशी झाले असते, तर ते येथवर आले असते काय? या प्रश्नाचे उत्तर नाही असे येत असेल, तर तपास तेथे संपत नाही, सुरू होतो.