चिठ्ठीवरचे नाव आणि गाव

संग्रहालयातील बुरशीचा नमुना म्हणजे एक कागदी पाकीट आणि त्यावरची चिठ्ठी. नाव, ठिकाण, तारीख, अधिवास, गोळा करणारा एवढाच मजकूर. जगभरातील अशा चिठ्ठ्या आता संगणकावर उतरत आहेत. वाचणारा आधी नाव पाहतो. आमच्या मते चिठ्ठीचे खरे मोल उरलेल्या ओळींत आहे.

भूजिव्हा हे उदाहरण घेऊ. पावसाळ्यात ओल्या मातीतून वर येणारी ही काळी, जिभेच्या आकाराची बुरशी. पर्सून यांनी १७९४ साली तिला जिऑग्लॉसम हे नाव दिले. ताठ केस असलेल्या भूजिव्हा बूदिए यांनी १८८५ मध्ये ट्रायकोग्लॉसम म्हणून वेगळ्या काढल्या. २००९ मध्ये जनुकीय पुराव्यावरून या गटाला स्वतंत्र वर्ग मिळाला. म्हणजे नाव बदलत राहते. नमुना जपलेला असेल, तर लांबट, आडपडदे असलेले बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहून नाव सुधारताही येते. ठिकाण आणि अधिवास मात्र पाकिटातून पुन्हा काढता येत नाहीत.

वाळवीच्या जुन्या वारुळातून येणारी झायलेरिया नायग्रिपीस ही बुरशीही काळी आणि उभी असते. तिचा देठ जमिनीखाली वारुळापर्यंत जातो. नमुना वरचेवर खुडला आणि चिठ्ठीत ‘वारुळावर’ हा शब्द नसला, तर मोठाच दुवा तुटतो.

ठिकाणाचे तसेच. यवतमाळ जिल्हा सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा. चिठ्ठीत नुसते ‘यवतमाळ’ असेल आणि संगणकाने नकाशावर जिल्ह्याच्या मध्यभागी ठिपका दिला, तर ती अचूकता खोटी ठरते. १९०५ पूर्वी हा जिल्हा वणीच्या नावाने, इंग्रजी कागदांत ‘वून’ म्हणून ओळखला जाई. दारव्हा व पुसद तालुके तेव्हा वाशीम जिल्ह्यात होते. म्हणून जुन्या चिठ्ठीवरचे ‘वून’ म्हणजे गाव की जिल्हा, हे तारखेवरूनच ठरवावे लागते. बिहारमधील पुसा हे तर बटलर यांच्या कवकसंशोधनाचे केंद्र. रोमन लिपीत पुसा आणि पुसद यांत एकाच अक्षराचा फरक!

या नोंदींचा आणखी एक दोष असा, की शोधूनही न सापडल्याची नोंद त्यांत सहसा नसते. त्यामुळे नोंद नाही म्हणजे बुरशी नाही, असे मानता येत नाही. कदाचित त्या रानात पावसाळ्यात कोणी वाकून पाहिलेच नसेल.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एक तरी चिठ्ठी लिहून घ्यावी. गाव, शिवार, जवळचे झाड, माती, वारूळ, तारीख. नावाची जागा कोरी राहिली तरी चालेल. ती पुढे कोणीही भरू शकेल. बाकीच्या ओळी मात्र त्याच दिवशी भराव्या लागतात.